कोर्ट म्हणजे कोण

दौलतरावांनी माझ्या अम्माला फसवलं, आणि गावच्या पंचांनी त्यांना फसवू दिलं. हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवतो. आमच्याकडे असली हकिकत सांगताना लोक आधी डोंगर, मग नदी, मग कोणाची सोयरीक कुठली हे सांगत बसतात आणि मुद्दा येईपर्यंत ऐकणारा घोरायला लागतो. मी जन्मभर गवताचा धंदा केला. गिऱ्हाईक आलं की भाव आधी आणि चहा मागून, ही माझी रीत. माझा राग लोणावळ्यापासून तळेगावापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. म्हाताऱ्याचा राग म्हणून नातवंडं आता तो हसण्यावारी नेतात. नेऊ देत. हे वाचून झाल्यावरही हसू आलं तर खुशाल हसा.

मळवली स्टेशनाच्या खालच्या अंगाला आमचं आवार होतं. दसरा झाला की डोंगरउतारावरचं गवत कापून त्याचे भारे बैलगाडीतून तिथे यायचे, त्यांच्या घराएवढ्या गंज्या रचल्या जायच्या, मग दाबाच्या यंत्रात घालून गासड्या व्हायच्या आणि मालगाडीने मुंबईच्या तबेल्यांत जायच्या. यंत्राचा दांडा ओढताना गडी एका सुरात हुंकार द्यायचे, तो हुंकार आणि इंजिनाची शिट्टी, या दोन आवाजांवर आमचा दिवस चालायचा. आवाराच्या कडेला कुडाच्या भिंतींचं आमचं घर. सुकं गवत एवढं जवळ असल्यामुळे अम्माची चूल वाऱ्याकडे बघून पेटायची. वारा गंज्यांकडे वाहत असला की चूल बंद. म्हणून ती पहाटे, वारा पडलेला असताना, दिवसभराच्या तांदळाच्या भाकऱ्या थापून ठेवायची. दुपारी त्या सुक्या बोंबलाच्या चटणीबरोबर, नाहीतर ओढ्यातल्या खेकड्यांच्या गार कालवणाबरोबर खायच्या. लग्न होऊन माझी बायको आली तेव्हा तिला वाटलं, या घरात गरम जेवण जेवत नाहीत. खरंच जेवत नव्हतो. अजूनही मला गार भाकरी लागते, आणि सुना म्हणतात मी त्यांच्या हातचं खात नाही.

हे आवार आम्हाला दौलतरावांच्या वडिलांनी दिलं होतं. मोठे आबा म्हणायचो आम्ही त्यांना. गावातली निम्मी जमीन त्यांची. अब्बांनी ठरलेली रक्कम दिली आणि वर दोन हंगाम त्यांच्या जनावरांना गवत पुरवलं. कागद झाला नाही. त्या काळी एवढ्याशा तुकड्याला कागद कोणी करत नसे, कायद्यालाही तो लागत नव्हता, ताबा दिला की झालं. आबांनी आवारातली मूठभर माती उचलली आणि अब्बांकडे बघत म्हणाले, "रसूल आज हाये, उद्या मुंबईला. घर बाई सांबाळती. अमिना, पदर कर." आणि माती अम्माच्या पदरात घातली. अम्माने ती शेवग्याच्या बुडाशी टाकली. त्या शेवग्याच्या शेंगा मी खाल्ल्या आहेत.

पुढे अब्बा तापाने गेले. मोठे आबाही गेले. मी तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा, मराठी सातवी झालेला, आणि मुंबईच्या घोडेवाल्यांशी भावासाठी भांडायला शिकलेला. त्याच सुमारास मुंबईच्या एका शेटला स्टेशनाजवळ हवा खायला बंगला बांधायचा होता. आमचं आवार त्याच्या डोळ्यात भरलं. आणि दौलतरावांना एकाएकी आठवलं, की आपल्या वडिलांनी ती जागा विकली नव्हती, फक्त वापरायला दिली होती.

पंच बसले. पिराच्या कट्ट्यावर, चिंचेखाली. हा पीर आमचा जितका तितकाच गावाचा. उरुसाला पहिली चादर दौलतरावांच्या घरून यायची. पंचांत मुख्य तात्याबा, पांढऱ्या मिशा, आवाज असा की बैलसुद्धा थबकावा. आणि आमच्या नात्यातले हुसेनचाचा. बाकीचे तिघे मान डोलवायला. मी बोलायला उठलो तर तात्याबा म्हणाले, "तू खाली बस रं. तुजा जलम व्हायच्या आधीची गोष्ट हाये."

दौलतराव उभे राहिले. रुबाबदार माणूस, फेटा कधी वाकडा झालेला पाहिला नाही. म्हणाले, "मला बाईमाणसाशी भांडायचं न्हाई. अमिनाभाभीनं ह्या पिराच्या दगडावर हात ठिवून सांगावं, की माज्या बापानं जागा इकली आन माती पदरात घातली. तिनं सांगितलं तर मी त्या आवाराचं पुन्यांदा नाव काढनार न्हाई."

"शब्द?" तात्याबांनी विचारलं.

"शब्द."

त्यांना वाटलं होतं अम्मा कचरेल. पिराची शपथ म्हणजे खेळ नव्हता. शपथ घेतली की पुढच्या अमावास्येपर्यंत त्या घरावर गावाची नजर. तेवढ्यात घरात मरण, जनावराला रोग, आग, काहीही वाईट घडलं तर शपथ खोटी. तोवर त्या घरचं पाणीसुद्धा कोणी पीत नसे. आणि मुदत निभली, की पंचांनी त्या घरी येऊन जेवायचं. पंच जेवले म्हणजे निकाल लागला. आमच्या गावचा हुकूमनामा तो एवढाच.

अम्मा उठली, डोक्यावरचा पदर नीट केला, दगडावर हात ठेवला आणि सांगितलं. तिचा आवाज मोठा नव्हता, पण मागच्या बायकांपर्यंत गेला.

आता विचार करा. ज्यांच्या अंगणात सुक्या गवताच्या गंज्या, आणि गंज्यांच्या शेजारून निखारे उडवत इंजिनं जातात, त्या घराने अमावास्येपर्यंत आग लागू द्यायची नाही! अम्माने चूल पूर्ण बंद केली आणि आम्ही पोहे भिजवून खाल्ले. पाण्याने भरलेली पिंपं, ओली पोती, गड्यांच्या विड्या जप्त. मी गंजीवरच बसून असायचो. एके दुपारी मालगाडी गेली आणि कोपऱ्यातल्या गंजीतून धूर यायला लागला. मी वरून उडी टाकली, ओलं पोतं आपटलं, पायाने तुडवलं. धूर थांबला. मान वर केली तर बांधावर दौलतरावांचा गडी उभा. "पेटलं! रसूलच्या घरचं पेटलं!" करत तो गावात पळाला. मी त्याच्यामागे.

तात्याबा स्वतः आले. जळकं गवत मुठीत घेऊन हुंगलं. जेमतेम सुपात मावेल एवढं काळं झालं होतं. मी म्हणालो, "तात्याबा, जाळ न्हवता. निस्ता धूर व्हता."

"मला शिकवतूस?" ते म्हणाले. मग सगळ्यांकडे वळून, त्या बैल थांबवणाऱ्या आवाजात म्हणाले, "धूर म्हंजी आग न्हाई. जाळ दिसला तर आग. ह्यो आमचा निवाडा."

हा निवाडा लक्षात ठेवा. मला त्याच्याशी पुढे काम आहे.

अमावास्या झाली. अम्माने चूल पेटवली. आंबेमोहोराचा भात, कोंबडीचा रस्सा, नारळाच्या दुधातल्या शेवया. पाचही पंच आमच्या ओसरीवर मांडी घालून जेवले. तात्याबांनी रस्सा तीनदा घेतला आणि हुसेनचाचांनी ढेकर देऊन वर आशीर्वाद दिला. अम्मा दाराआड उभी राहून त्यांची ताटं बघत होती. तिचा तसा चेहरा मी अब्बा गेल्यानंतर पहिल्यांदा पाहिला.

महिना झाला नसेल, वडगावच्या कोर्टाचं समन्स आलं. दौलतरावांनी आवाराच्या ताब्याचा दावा लावला होता.

मी ते घेऊन तडक तात्याबांकडे गेलो. ते गोठ्यात होते, बाहेर आलेच नाहीत. आतून म्हणाले, "कोर्टाचं काम कोर्टात बग बाबा." मग वडगावला गेलो. बापूसाहेब वकील म्हणून होते, ठेंगणे, तपकीर ओढणारे. त्यांच्या टांग्याच्या घोडीला मी आधीच गवत घालायचो. दावा संपेपर्यंत घोडीचं गवत माझ्याकडे, एवढ्यावर फी ठरवली. ते वर्षाचं गवत मागत होते, मी हंगामाचं म्हणत होतो. शेवटी ते म्हणाले, "तू वकील व्हायला हवा होतास." मी म्हणालो, "मग घोडी उपाशी राहिली असती."

पण माझी हकिकत ऐकून त्यांनी मान हलवली. "शपथ कोणापुढे झाली?"

"पंचांपुढं."

त्यांनी पुराव्याच्या कायद्याचं मराठी पुस्तक काढलं. मला वाटलं, आता हजार कलमं ऐकवणार. त्यांनी सुरुवातीचंच पान उघडलं. "हे बघ. कायदा कशाला काय म्हणतो, ते तो आधीच सांगून ठेवतो. कोर्ट म्हणजे कोण? तर सगळे न्यायाधीश, सगळे माजिस्ट्रेट, आणि पुरावा घ्यायचा अधिकार कायद्याने ज्यांना दिला आहे अशी सगळी माणसं. लवाद सोडून."

"लवाद म्हणजे?"

"तुझे पंच."

मी ते पान स्वतः वाचलं. परत वाचलं. इतक्या सगळ्यांना आत घेतलं होतं, आणि नेमकं आमच्या चिंचेखालच्या माणसांना बोट दाखवून बाहेर ठेवलं होतं. दौलतरावांना हे आधीपासून ठाऊक होतं. त्यांनी अम्माला शपथ घ्यायला लावली ती मोफतची होती. ती कचरली असती तर जागा त्यांची. नाही कचरली, तरी त्यांचं काही जात नव्हतं.

बापूसाहेब तपकिरीची चिमूट नाकाशी नेत म्हणाले, "हेच तो कोर्टात बोलला असता तर गोष्ट वेगळी. शपथेचा कायदा आहे. दाव्यातला एक पक्ष कोर्टात म्हणाला, की समोरच्याने अमुक शपथ घेतली तर मला मान्य, आणि समोरच्याने ती घेतली, तर संपलं. त्याला मग तोंड उघडता येत नाही. पण तो आता कशाला म्हणेल?"

धंदेवाल्याला असं विचारायचं नसतं. माल तुमच्याकडे नाही अशी गिऱ्हाइकाची खात्री झाली, की ते वाटेल ती बोली लावतं. आणि खरंच, समन्स आल्या दिवशी अम्मा म्हणाली होती, "एकदा घेतली ती घेतली. मी पुन्यांदा शपथ घ्यायची न्हाई. दुसऱ्यांदा घेतली म्हंजी पयली खोटी व्हती." मी हे तिचं वाक्य उचललं आणि कार्ला गावच्या बाजारात, स्टेशनवर, चक्कीवर, जिथे जिथे दौलतरावांचा माणूस असेल तिथे तिथे कपाळाला हात लावून सांगत सुटलो. अम्मा आता मेली तरी शपथ घेणार नाही, आमचं आवार गेलं. त्यात एक शब्द खोटा नव्हता. आज व्यापारी संघाच्या सभेत पोरं मला विचारतात, चाचा, भाव कसा करायचा? मी त्यांना हीच गोष्ट सांगतो.

तारखेला वडगावचं कोर्ट मावळच्या माणसांनी भरून गेलं होतं. बापूसाहेबांनी आधी तात्याबांना पिंजऱ्यात उभं केलं. शपथ झाली होती का? झाली होती. दौलतरावांनी मान्य केलं होतं का? तात्याबा छताकडे बघत म्हणाले, "आसंल."

"मग तुम्ही निकाल दिला?"

"आमी कोन निकाल द्येनार सायेब? आमी कट्ट्यावर बसलोतो. बसायची जागा हाये ती."

"यांच्या घरी जेवलात?"

"बोलावलंतं म्हनून जेवाया गेलतो."

लोक हसले. अम्मा मागच्या बाकावर बायकांत बसली होती. ती हसली नाही. मी तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा बघायची हिंमत झाली नाही. हुसेनचाचांनीही तेच सांगितलं, फक्त जास्त हळू आवाजात.

मग दौलतराव. बापूसाहेबांनी विचारलं, "कट्ट्यावर तुम्ही शब्द दिला होता?"

"दिला व्हता. पन ते कोर्ट न्हवतं. कायद्यात तसंच हाये."

तेव्हा मी उठलो. बापूसाहेबांनी मला बोलायचं नाही अशी ताकीद दिली होती. पण मी ओरडलो, "मग हितं म्हना! हे तर कोर्ट हाये न्हवं? का कायद्यात दौलतराव म्हंजी कोन त्येबी बगाया लागतं?"

पट्टेवाला माझ्यावर धावला. सबजज्जसाहेबांनी टेबलावर हात आपटला, पुन्हा तोंड उघडलंस तर बाहेर काढीन म्हणाले. मी खाली बसलो. पण सगळं मावळ दौलतरावांच्या तोंडाकडे बघत होतं. त्यांनी फेटा चाचपला. अम्माकडे एक नजर टाकली. ती मान खाली घालून बसली होती. बाजारातलं माझं बोलणं त्यांच्या कानात असणार. नाही म्हणावं तर लोकांत नाक जातं, हो म्हणावं तर बाई शपथ घेणारच नाही. त्यांचा वकील बाही ओढत असताना ते म्हणाले, "घिऊ द्या. तीच शपथ, त्याच पिराम्होरं. घेतली तर आवार तिचं."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "नीट विचार करा. हे मी लिहून घेणार. मग मागे फिरता येणार नाही."

"ल्ह्या साहेब."

साहेबांनी लिहिलं, वाचून दाखवलं, सही घेतली. मग अम्माला विचारलं. बापूसाहेबांनी उत्तरासाठी दुसऱ्या दिवसाची मुदत मागितली, आणि दौलतराव मिशीवर हात फिरवत बाहेर पडले.

माझ्या आयुष्यातली सगळ्यात अवघड बोली त्या संध्याकाळी आमच्या ओसरीवर झाली. मुंबईच्या शेटना मी नमवलं आहे, रेल्वेच्या गोऱ्या साहेबाकडून वॅगन मिळवली आहे. अम्माशी माझं काही चालत नव्हतं. मी आवाराचं सांगितलं, अब्बांचं सांगितलं, शेवग्याचं सांगितलं.

"जागा ऱ्हायली न्हाई तरी चालंल," ती म्हणाली. "मी खोटी न्हाई पडनार."

"खोटी कशी पडशील? तीच तर शपथ."

"खरं एकदाच सांगायचं आसतं, कासम. येकाच पोराला दोनदा जलम देत्यात का?"

मी चिडलो. म्हणालो, "मग पहिल्या वेळेला ऐकणारे कोण होते ते तरी सांग. आज तात्याबा काय म्हणाले ते ऐकलंस ना? ते नुसते जेवायला आले होते. म्हणजे तू दगडाला सांगितलंस. माणसांना अजून सांगायचंच आहे."

ती पहाटेच्या भाकऱ्यांसाठी पीठ चाळत होती. तिने चाळण खाली ठेवली. मग म्हणाली, "घेते. पन येक अट. ते पाची जन तितं पायजेत. आन बसायचं न्हाई. उबं ऱ्हायाचं."

मी बापूसाहेबांना अट सांगितली. त्यांनी पाच जणांना हजर ठेवण्याची साहेबांना विनंती केली, साहेबांनी ती मानली. पंचांना उभं कसं ठेवायचं, ते कायद्यात नव्हतं. ते मी बघतो म्हणालो.

शपथ त्याच पिरापुढे व्हायची होती, म्हणून साहेबांनी आपल्या वतीने ती घ्यायला कोर्टातला एक कारकून नेमून पाठवला. कमिशनर म्हणायचं त्याला. किडकिडीत तरुण, छत्री, धुळीने भरलेल्या वहाणा, मळवलीच्या उतारावर दम लागलेला. आदल्या दिवशी मी कट्ट्यावर गवताच्या गासड्या रचून ठेवल्या होत्या, काठोकाठ. तात्याबा आले, बसायला जागा शोधू लागले. मी म्हणालो, "माल हाये तात्याबा. मुंबईला जायाचाय. बसून दबला तर शेट घेत न्हाई." पाचही जण उन्हात उभे राहिले. खुर्ची एकच होती, ती मी स्टेशनमास्तरांकडून आणली होती, आणि तिच्यावर तो कारकून बसला. पुरावा घ्यायचा अधिकार कायद्याने त्याला दिला होता. त्या दिवशी आमच्या चिंचेखाली कोर्ट होतं ते म्हणजे तो घामेजलेला पोरगा. गावावर आयुष्यभर हुकूम चालवणारे ते पाच जण कायद्याने कोणीच नव्हते.

अम्मा आली. दौलतरावांचा चेहरा तिला बघून उतरला, तो मी डोळे भरून पाहिला. तिने दगडावर हात ठेवला आणि पहिल्या वेळचीच वाक्यं, त्याच क्रमाने सांगितली. कारकुनाने लिहून घेतली. मग त्याने विचारलं, "बाई, आणखी काही सांगायचं आहे?"

"व्हय," अम्मा म्हणाली. ती तात्याबांकडे वळली. "आज जेवायला येऊ नका."

दाव्याचा निकाल आमच्या बाजूने लागला. आवार राहिलं. पुढे तिथे मी लोखंडी यंत्र बसवलं, मग लोणावळ्यात वखार घेतली, घर बांधलं. आजही करार हातात आला की मी आकडा बघत नाही. आधी बघतो, कोणाला काय म्हटलं आहे आणि कोणाला सोडलं आहे. त्या एका पानाने मला एवढं दिलं. लढाई मी जिंकली, आणि ज्या बाईने ती मला जिंकून दिली ती माझी आई होती, हे मी छाती ठोकून सांगतो.

पण अम्माने त्यानंतर पंचांना ओसरी दिली नाही, आणि पंचांपैकी एकानेही येऊन तिला चुकलो म्हटलं नाही. तात्याबा गेले, हुसेनचाचा गेले, दौलतराव गेले. दौलतरावांकडून मला काही नको. ते लबाड होते आणि हरले, हिशेब मिटला. पण तात्याबांचा नातू आज गावात मान्य माणूस आहे, कट्ट्यावर तोच मध्यभागी बसतो, लोकांचे तंटे ऐकतो. हुसेनचाचांचा मुलगा त्याच्या उजव्या हाताला. दोघांना मी इथे, छापील शब्दांत विचारतो. तुमचे वडीलधारे जर कोणीच नव्हते, तर एका विधवेचा हात त्यांनी कोणत्या अधिकाराने दगडावर ठेवायला लावला? धूर म्हणजे आग नाही, हा निवाडा कोणी दिला? आणि ते जर कोणीतरी होते, तर वडगावच्या पिंजऱ्यात उभं राहून नुसते जेवायला गेलो होतो असं का म्हणाले? दोन्हींपैकी एक खरं असणार. कट्ट्यावर पुढच्या वेळी बसाल तेव्हा आधी उठा, उभे राहा, आणि माझ्या अम्माला उत्तर द्या.